राखणदाराला चालवताना

चित्रपट ९ मिनिटांचा, स्टॉप-मोशनचा, म्हणजे बाहुली थोडी थोडी हलवून एकेक चित्र टिपायचं आणि ती चित्रं ओळीने पळवायची. खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटीच्या पुढे घाटमाथ्यावर असतं तसं कौलारू घर, मागे रान आणि शिवेवर रात्री फिरणारा राखणदार. कोकण-गोव्याकडे वेताळाला, राखणदाराला चामडी वहाणा वाहतात. तो रात्रभर फिरतो म्हणून त्या झिजतात, असं सांगतात. आमच्या गोष्टीत त्या झिजून तुटतात, राखणदार जागच्या जागी थांबतो, आणि शिवेबाहेर राहायला हवं ते गावात शिरू लागतं. आठ वर्षांची एक मुलगी त्याला नवा जोड नेऊन देते. सहा वर्षांच्या पोराने आणि सत्तरीतल्या आजीने शेजारी बसून बघावी, आणि तरी ती खरोखरच्या भीतीची गोष्ट असावी, एवढी आमची अट होती. ती पाळताना बेळगावात बसून बाहुल्या, देखावा, उजेड आणि आवाज यांचं काय काय करावं लागतं, ते इथे मांडतो.

आधी हिशेब. सेकंदाला २४ चौकटी. एकेक चित्र दोन चौकटी धरलं की सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२०, आणि ९ मिनिटांना ६,४८०. सरावलेल्या एका माणसाच्या हातून दिवसाला चार-पाच सेकंद निघाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं. म्हणून जे अखेरच्या संकलनात राहणार नाही ते टिपायचंच नाही. त्यासाठी आधी ॲनिमॅटिक करायचं: साधी पेन्सिलीची चित्रं, खऱ्या वेळेवर लावलेली, खाली कच्चे आवाज.

हे ॲनिमॅटिक मुलांना दाखवणं ही आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी. एकदा दिवे लावून, एकदा मालवून. पडद्याकडे न बघता मुलांकडे बघत बसायचं. मूल डोळे झाकून बोटांच्या फटीतून बघत असेल तर दृश्य जमलं. मान वळवून आईच्या कुशीत शिरलं आणि परत वळलंच नाही, तर दृश्य लांबलंय किंवा त्याला सुटायला जागा ठेवलेली नाही. रक्त आम्ही ठेवलं नाही आणि दचकवणंही ठेवलं नाही. दचकवणं सोपं असतं, पण दचकलेलं मूल पुढचं मिनिटभर गोष्ट बघत नाही, पुढच्या दचक्याची वाट बघत बसतं. भीती आधी ऐकवायची, मग सावलीत दाखवायची, मग अंगावर आणायची. प्रत्येक भीतीनंतर तिच्याएवढाच लांब उबेचा तुकडा हवा: चुलीचा उजेड, आजीचा हात, काजवे. आपल्याकडे सेन्सॉरच्या प्रमाणपत्रात २०२३ च्या दुरुस्तीने यूए ७+ (सात वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाने बघावा) असा वर्ग आला आहे; तो डोळ्यांसमोर ठेवला की कुठे थांबायचं हे लिहितानाच ठरतं.

राखणदाराचं तोंड दाखवायचं नाही, हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं होतं. घोंगडीची खोळ, आत काळोख, खाली दाढीचं टोक. जे दिसत नाही ते प्रत्येक मूल आपल्याला झेपेल तेवढंच भयंकर करून घेतं. शिवाय ओठांच्या हालचालीचं काम निम्म्यावर येतं.

प्रमाण १:६ धरलं. त्यामुळे मुलगी २१ सेंटिमीटरची आणि राखणदार ३८ सेंटिमीटरचा, म्हणजे खऱ्या मापात साडेसात फुटी. यापेक्षा लहान बाहुली केली तर बोटं वळवता येत नाहीत, मोठी केली तर देखावा खोलीत मावत नाही.

राखणदाराचा सांगाडा गोळी-सांध्यांचा हवा. तो एका पायावर उभा राहतो, आणि तारेचा सांगाडा एवढं वजन धरत नाही. बेळगावचा फायदा इथे कळतो. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत लेथवाले आहेत, पितळेचे तुकडे मिळतात, आणि अर्ध्या मिलिमीटरची गोष्ट दोनदा समजावून सांगावी लागत नाही. खांदा, कोपर, मनगटाला ६ मिलिमीटरच्या आणि खुबा, गुडघा, घोट्याला ८ मिलिमीटरच्या गोळ्या. बेअरिंगची गोळी जशीच्या तशी घेतली तर ड्रिलचं टोक तिच्यावरून घसरतं, कारण ती कडक केलेली असते. गोळ्या भट्टीत लाल होईपर्यंत तापवायच्या आणि राखेत पुरून रात्रभर हळूहळू निवू द्यायच्या. मग भोक पडतं, सळई चांदीच्या झाळीने बसते. गोळीच्या दोन बाजूंना २ मिलिमीटर जाडीच्या पितळी पट्ट्या. त्यांतली भोकं गोळीपेक्षा लहान, म्हणजे गोळी भोकाच्या कडेवर बसते. मध्ये एम-२.५ चा, म्हणजे अडीच मिलिमीटर जाडीचा, ॲलन स्क्रू. घोटे आणि खुबे सगळ्यात घट्ट, कोपर मध्यम, मनगट सैल. मनगट घट्ट ठेवलं तर हात हलवताना कोपरच सरकतो, आणि मागची वीस चित्रं वाया जातात.

मुलीला तार चालते. २ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार दुहेरी करून हँड ड्रिलमध्ये पिळायची, बोटांना ०.८ मिलिमीटरची एकेरी. इलेक्ट्रिकच्या दुकानातली तार बहुतेक वेळा ताठ असते, ती आधी मऊ करून घ्यावी लागते. तारेवर अंगाचा कोरडा साबण घासायचा आणि ज्योतीवरून फिरवायची. साबण काळपट झाला की थांबायचं. त्यापुढे तापवली तर ॲल्युमिनियम लाल न होताच एकदम वितळून गळतं. हाडांच्या जागी एम-सील, सांध्यांच्या जागी उघडी तार. सांध्याला ८ ते १० मिलिमीटर मोकळे ठेवायचे. कमी ठेवले तर तार एकाच बिंदूत वाकते, तिथेच कडक होत जाते आणि तुटते. मनगट आणि घोटे आधी जातात. म्हणून हात चौकोनी पितळी नळीत अडकवून काढता-घालता येतील असे करायचे आणि प्रत्येक बाजूचे तीन-चार जादा ओतून ठेवायचे.

कातडी सिलिकॉनची. मूळ बाहुली मातीत घडवायची आणि तिच्यावरून साचा घ्यायचा. गणपती करणाऱ्या कारागिरांकडून प्लास्टरच्या दोन तुकड्यांच्या साच्याची रीत शिकण्यासारखी आहे, त्यांचा हात बसलेला असतो. एक गोष्ट मात्र त्यांच्या कामात येत नाही म्हणून सांगायला हवी. प्लॅटिनमच्या मदतीने घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाला लागलं की घट्टच होत नाही, वरवर चिकट राहतं. दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच तेलकट मॉडेलिंग क्लेमध्ये गंधक असतं, रबराच्या हातमोज्यांत असतं. ताज्या एम-सीललाही सिलिकॉन असंच बिचकतं. म्हणून गंधक नसलेली क्ले घ्यायची, नायट्राइलचे हातमोजे वापरायचे, आणि एम-सील पुरतं वाळवून त्यावर टेफ्लॉनची पट्टी गुंडाळायची. अंगाला मऊ, शोअर ००-३० चं सिलिकॉन चांगलं (शोअर हे मऊ-कडकपणाचं माप). बोटांना तेच वापरलं तर फाटतं, तिथे शोअर ए-१० घ्यावं. रंग सिलिकॉनमध्येच कालवायचा. वरून मारलेला ॲक्रिलिक चौथ्या दिवशी पापुद्र्यासारखा सुटतो.

घोंगडीवर आमचा बराच जीव जडला. खरी घोंगडी १:६ ला जाड पडते, पत्र्यासारखी उभी राहते. पातळ लोकरी कापड घेऊन कडेच्या दुमडीत ०.६ मिलिमीटरची तार शिवायची, म्हणजे वाऱ्यात उडणारी कड हव्या त्या जागी थांबते. तरी बोट लागेल तिथे कापड दर चित्राला थोडं हलतं आणि पडद्यावर ते उकळल्यासारखं दिसतं. घोंगडीला ज्या चिंचोक्याच्या खळीने ताठपणा आणतात तीच पातळ करून आतून लावली की ही थरथर पुष्कळ कमी होते. खळीत चिमूटभर मोरचूद घालायचा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी आणि झुरळं दोन्ही लागतात. मोरचूद विषारी आहे. खळ शिजवण्याचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही आणि लहान मुलांच्या हाती बाहुली द्यायची नाही.

वहाणांचं काम तर घरचंच. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये जे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात बेळगाव जिल्हाही आहे. अथणी, निपाणीकडे पिढ्यान्‌पिढ्या हे काम चालतं. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेलं चामडं घ्यायचं, कारण ते पाण्याने भिजवून हवं तसं वळवता येतं आणि वाळल्यावर आकार धरतं. खऱ्या तळव्याची जाडी इथे चालत नाही. रापीने मागून तासून पट्ट्याला अर्धा मिलिमीटर आणि तळव्याला दीड मिलिमीटरवर आणायचं. शिवण वादीने न करता मेण लावलेल्या एकपदरी दोऱ्याने. झिजण्याच्या चार अवस्थांचे चार जोड लागतात. नवा जोड कापून जुना करू नये. टाचेची बाहेरची कड सॅंडपेपरने घासायची आणि अंगठ्याच्या जागी तेलाचा डाग पाडायचा, तेव्हा तो चाललेला वाटतो. तळव्यात एम-४ च्या स्क्रूसाठी भोक ठेवायचं विसरू नये. राखणदार त्याच स्क्रूने खालून जमिनीला आवळला जातो. मुलीला एम-३ पुरतो.

मुलीच्या ओठांसाठी खालचा अर्धा चेहरा बदलायचा. थ्रीडी प्रिंटरवर तुकडे काढून २ मिलिमीटरच्या चुंबकांनी बसवायचे. मराठीला नऊ आकार पुरतात: प-ब-म साठी मिटलेले ओठ, आ, उघडं अ, ए-ई, ओ, उ, व-फ साठी दाताखाली ओठ, त-द-ल साठी दिसणारी जीभ, आणि गप्प. ट, ड, ळ यांची जीभ आत वळते, बाहेरून दिसत नाही, तिथे अ चालतो. प्रत्येकाचे साधा, घाबरलेला आणि हसरा असे तीन, म्हणजे २७ तुकडे. पाठीवर अंक कोरायचे, रंगाने लिहिलेले पुसतात. ओठ आवाजाच्या एक चित्र आधी उघडायचे. बरोबर वेळेवर उघडले तर उशीर झाल्यासारखं वाटतं.

आमच्याकडे हा चित्रपट मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीकडे चालायला हवा, आणि ते नंतर डबिंग करून भागत नाही. कन्नडमधले शब्द बहुतांशी स्वरावर संपतात, तोंड उघडं राहतं. मराठीत ते पुष्कळदा व्यंजनावर मिटतं. मुलगी ‘थांब!’ म्हणते तेव्हा शेवटी ओठ घट्ट मिटतात, ‘निल्लु!’ म्हणते तेव्हा चंबू होतो. जवळच्या चौकटीत, म्हणजे क्लोज-अपमध्ये, हा फरक लहान मुलांच्याही लक्षात येतो. उपाय असा की अंगाची स्थिती एकच ठेवून दर वेळी दोन चित्रं घ्यायची, एक मराठी ओठांचं, एक कन्नड ओठांचं. हे फक्त जवळच्या चौकटीत. बाकी वाक्यं पाठमोरी किंवा काळोखातून येऊ द्यायची. संवाद मुळातच कमी लिहायचे, हे याचं खरं उत्तर.

देखाव्याला मापाची खरी कौलं लावली. खानापूरला कुंभारकाम आणि कौलांची जुनी परंपरा आहे, माती तिथली. मंगळुरी कौल १:६ ला सुमारे ७ गुणिले ४ सेंटिमीटरचं होतं, पण वाळताना आणि भाजताना मिळून माती साधारण दहा टक्के आकसते, म्हणून साचा ७.८ गुणिले ४.४ चा. जाडी अडीच मिलिमीटर. उघड्यावर वाळवली तर कडा वर उचलतात. दोन फळ्यांमध्ये कागद घालून वाळवायची. ६० गुणिले ४५ सेंटिमीटरच्या एका पाखाला दीडशेच्या आसपास कौलं बसतात आणि वजन दोन किलो होतं. छप्पर उचलून बाजूला ठेवता आलं पाहिजे, नाहीतर घरात हात घालायला जागा नाही. जांभ्या दगडाच्या भिंती दाट फोमच्या कापायच्या. स्प्रे रंग थेट मारला तर फोम वितळतो, आधी फेव्हिकॉलचा थर द्यावा. लाल माती चाळून चिकटवून टाकायची. सुटी माती दर चित्राला बोटाने सरकते आणि जमिनीला मुंग्या लागल्यासारखं दिसतं. हिरवी पानं लावूच नयेत. दिव्याखाली तासाभरात मान टाकतात, आणि पडद्यावर झाड दोन सेकंदांत सुकतं.

बेळगावच्या पावसाळ्यात प्लायवूड फुगतं. रात्री सोडलेला देखावा सकाळी मिलिमीटरभर वर आलेला असतो. म्हणून चित्रण ऑक्टोबर ते मे, आणि जून ते सप्टेंबर बाहुल्या, तोंडं, वहाणा, आवाज. मरीन प्लाय घेऊन सहाही बाजूंनी रंगवायचं आणि लोखंडी चौकटीवर बसवायचं. जुन्या घरांच्या लाकडी माळ्यावर हे काम करू नये, कुणी जिना चढलं की कॅमेरा हलतो. खालच्या मजल्यावरची शहाबादी फरशी उत्तम. ट्रायपॉडचे पाय तिला ग्लू गनने चिकटवून टाकायचे.

आता उजेड. अंधाराचं दृश्य कमी उजेडात टिपलं तर काळोखात दाणे येतात आणि नंतर काही करता येत नाही. भरपूर उजेडात टिपायचं, सावल्या कुठे पडतील ते दिव्याच्या जागेने ठरवायचं आणि संकलनात एक-सव्वा स्टॉप खाली आणायचं (एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा). कॅमेऱ्याचा पांढरा समतोल (व्हाइट बॅलन्स) ३८०० केल्विनला बांधला की ५६०० चा दिवा चांदण्यासारखा निळसर दिसतो आणि २७०० चा कंदिलासारखा. चांदणं बाहुलीच्या मागून तिरकं, म्हणजे कड उजळते आणि राखणदार काळा असूनही रानातून वेगळा निघतो. समोर थर्माकोलचा एक तुकडा, डोळ्यांत ठिणगी येण्यापुरता. कॅमेऱ्याची संवेदनशीलता आयएसओ १००, लेन्सचं छिद्र एफ ११, शटर अर्धा सेकंद उघडं. छिद्र याहून मोठं ठेवलं तर नाकावर फोकस आणि कानावर धूसर, आणि सगळं खेळण्याएवढं दिसतं.

लुकलुक, म्हणजे चित्रागणिक उजेड कमी-जास्त होणं, हा या कामाचा कायमचा रोग. त्याची कारणं वेगवेगळी आहेत, एकेक बाजूला काढावी लागतात. व्होल्टेज २ टक्क्यांनी घसरलं की हॅलोजनचा उजेड जवळजवळ ७ टक्क्यांनी घसरतो. स्थिर करंटच्या ड्रायव्हरचे एलईडी घेतले की हे बहुतेक मिटतं. रिले असलेला स्टॅबिलायझर उलट त्रास देतो, तो टप्प्याटप्प्याने उडी मारतो. त्यापेक्षा ऑनलाइन यूपीएस. नव्या लेन्सचं छिद्र प्रत्येक चित्राला नव्याने मिटतं आणि दर वेळी किंचित कमी-जास्त; जुनी, हाताने रिंग फिरवायची लेन्स ॲडॉप्टरवर लावावी. आणि काम करणाऱ्याने काळा किंवा गडद सदरा घालावा, बटण दाबताना रोज एकाच जागी उभं राहावं. पांढऱ्या सदऱ्याचा उजेड बाहुलीच्या गालावर पडतो.

बाहुली ठेवण्याआधी खोलीची परीक्षा घ्यावी. दादासाहेब फाळक्यांनी पहिला चित्रपट करण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली होती. तीच युक्ती इथे कामाला येते. देखाव्याच्या जागी वाटाण्याची कुंडी ठेवून दिवसरात्र दर दहा मिनिटांना एक चित्र घ्यायचं. वेल वाढताना दिसतोच, पण त्याच्या मागची भिंत उजळते-मंदावते का, कुंडी हळूहळू खाली सरकते का, पहाटे खिडकीच्या फटीतून काय येतं, हे सगळं एका झटक्यात कळतं.

राखणदाराची चाल. मुलगी दोन-दोन चौकटींवर चालते, पावलाला सहा चित्रं. राखणदाराला आम्ही तीन-तीन चौकटींवर ठेवलं, पावलाला दोन सेकंद, म्हणजे सोळा चित्रं. दोघं एकाच चौकटीत असली की तो या जगातला नाही हे डोळ्याला कळतं, कारण सांगता येत नाही. यासाठी तक्ता सहा-सहा चौकटींचा आखायचा: मुलगी १, ३, ५ ला हलते, राखणदार १ आणि ४ ला, आणि चित्रं १, ३, ४, ५ ला घ्यायची. काठी आधी टेकते, पाऊल त्याच्या पुढच्या चित्रात. काठी उचलताना दर चित्राला १, २, ४, ६, ६, ४, २, १ मिलिमीटर. सगळीकडे सारखं अंतर ठेवलं तर ती दोरीने ओढल्यासारखी जाते. पाऊल टेकल्यावर लगेच पुढचं घेऊ नये. एक चित्र अंग २ मिलिमीटर खाली दबतं, एक चित्र कॅमेरा अर्धा मिलिमीटर हलतो, मग सगळं थांबतं. तेवढ्याने शंभर किलोचं वजन येतं.

धुकं धुराने होत नाही, दोन चित्रांच्या मध्ये धूर पसरून जातो. नायलॉनच्या बारीक जाळीचे तीन पडदे झाडांच्या रांगांच्या मध्ये ताणायचे, मागून उजेड. पावसाचे थेंब ग्लिसरीनचे, पाणी सुकतं. काजवे दुसऱ्या फेरीत: बाहुलीचं चित्र घेतलं की दिवे बंद, तारेच्या टोकावरचा इवला एलईडी लावून तीच चौकट पुन्हा टिपायची, आणि दोन्ही संकलनात एकावर एक. काजवा सहा चित्रांत उजळावा आणि दहात विझावा. एका लयीत लुकलुकले तर ते दिवाळीच्या माळेसारखे दिसतात.

चित्रं मूळ स्वरूपात ठेवली तर एकेक सुमारे २५ एमबी, म्हणजे १६० जीबीच्या वर; ओठांच्या आणि काजव्यांच्या फेऱ्या वेगळ्या. दोन प्रती दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

दाखवताना शेवटचा घोळ होतो तो प्रोजेक्टरवर. देवळाच्या सभामंडपात किंवा शाळेच्या वर्गात खिडकीच्या पडद्याआडून उजेड शिरतो आणि रान सगळं एकच काळं दिसतं. अशा ठिकाणांसाठी सावल्या थोड्या उचललेली वेगळी प्रत करून ठेवायची. सुरुवातीला काळ्यापासून राखाडीपर्यंत दहा पट्ट्यांचं एक चित्र लावावं. पहिल्या दोन पट्ट्या वेगळ्या ओळखू येत नसतील तर आधी खिडक्या झाकाव्यात, मग ब्राइटनेस वाढवावा. कॉन्ट्रास्टला हात लावू नये, नाहीतर कंदिलाजवळचा चेहरा पांढरा फटक पडतो. आवाज शेवटच्या रांगेत बसून ठरवावा, कारण राखणदाराची काठी तिथे ऐकू आली पाहिजे.